हँडबॉल : एका शाळामास्तराचा खेळ व त्याचे जगज्जेतेपद

गेल्या आंतरशालेय सामन्यांत आमच्या शाळेच्या हँडबॉल संघास पहिल्याच फेरीत हार खावी लागली, हे वाचकांस ठाऊक आहेच. सामना संपल्यावर एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याजवळ आले. त्यांचा मुलगा आमच्या संघाचा गोलरक्षक. ते म्हणाले, "मास्तरसाहेब, माझ्या मुलाच्या अंगावरून २७ गोल गेले. एकेक मी मोजला. हरण्यातच रोजची संध्याकाळ घालवावयाची, तर त्याने घरी बसून गणिते का सोडवू नयेत?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती, आणि म्हणूनच आम्हांस तेथल्या तेथे उत्तर सुचले नाही. पुढे या खेळाचा इतिहास आम्ही जमेल तितका वाचून पाहिला. त्यात जे सापडले ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या पुढे या लेखात मांडीत आहोत.

खेळाचा जन्म

हँडबॉल, म्हणजे आपल्या भाषेत हस्तकंदुक म्हणावयाचे, हा खेळ एका शाळामास्तराच्या हातून आकारास आला, हे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरानजीक ऑर्ड्रुप नावाचे गाव आहे. तेथील शाळेत होल्गर नील्सन नावाचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १८६६ सालचा. १८९६ साली अथेन्स येथे अर्वाचीन ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हा तलवारबाजी व नेमबाजी या दोन विद्यांत मिळून त्यांनी तीन पदके मिळविली होती.

या शाळेची एक गोष्ट सांगतात. मुले आवारात फुटबॉल खेळत व चेंडू लागून खिडक्यांच्या काचा फुटत. तेव्हा तेथे फुटबॉलला बंदी झाली. आता मुलांनी काय करावे? नील्सन यांनी चेंडू पायांकडून काढून हातांकडे दिला. या नव्या खेळाचे नियम त्यांनी बसविले व १९०६ साली ते छापून प्रसिद्ध केले. बंदीचा कागद भिंतीवर लावून स्वस्थ बसणे कोणासही साधते. त्या बंदीतून मुलांस नवा खेळ मिळवून देण्यास मात्र मुलांविषयी खरी आस्था लागते.

याच गृहस्थांनी पुढे १९३२ साली बुडालेल्या माणसाचा श्वास पुन्हा चालू करण्याची एक पद्धती शोधून काढली. रोग्यास पालथे निजवून त्याच्या पाठीवर दाब द्यावयाचा व मग त्याचे दंड उचलावयाचे, अशी ती रीत होती. ती अनेक देशांत शिकविली जात असे. पुढे तोंडाने श्वास देण्याची रीत अधिक गुणकारी ठरून ती मागे पडली.

डेन्मार्कप्रमाणेच जर्मनीतही असाच एक खेळ वाढीस लागला. तेथे १९१७ साली माक्स हाइझर यांनी प्रथम स्त्रियांकरिता नियम केले व १९१९ साली कार्ल शेलेन्झ यांनी त्यांत फेरफार करून तो पुरुषांच्या जोगता केला. हा जर्मन खेळ फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर अकरा-अकरा गडी घेऊन खेळत. उत्तरेकडील देशांत मात्र हिवाळा कडक. महिनेच्या महिने मैदान बर्फाखाली असते. म्हणून तेथील लोकांनी छपराखाली सात-सात गड्यांचा खेळ पसंत केला. अखेर हा आतला खेळच जगभर टिकला आणि मैदानावरील खेळ मागे पडला.

खेळाची रीत

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही अशा पालकांकरिता त्याची रीत थोडक्यात सांगतो. क्रीडांगण ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. प्रत्येक संघाचे सात गडी एका वेळी खेळतात व त्यांतील एक गोलरक्षक असतो. गोल ३ मीटर रुंद व २ मीटर उंच. खेळाचे दोन भाग, प्रत्येकी ३० मिनिटांचे. चेंडू हातात आल्यावर गड्यास तीनच पावले टाकिता येतात आणि तीनच सेकंद तो हाती धरिता येतो. तेवढ्यात त्याने तो दुसऱ्याकडे द्यावा, जमिनीवर आपटीत पुढे जावे किंवा गोलावर फेकावा. चेंडूवर हात नीट बसावा म्हणून मोठमोठ्या सामन्यांत खेळाडू बोटांस राळ लावितात.

या खेळाचे मर्म एका रेषेत आहे. गोलापासून सहा मीटरांवर कमानीसारखी रेषा ओढलेली असते. तिच्या आतील जागा एकट्या गोलरक्षकाची. तेथे दुसऱ्या कोणाचे पाऊल पडता कामा नये. आमच्या मुलांस आट्यापाट्यांतील पाटी ठाऊक आहे. तेथे पाटीवरील गडी जसा रेष धरून आडवा येतो, तसेच येथे बचाव करणारे सहा गडी या कमानीच्या बाहेरील अंगास हात पसरून भिंतीसारखे उभे राहतात. मग गोल व्हावा कसा? येथे नियमाने एक सुंदर वाट ठेविली आहे. पाय जमिनीस लागलेले असताना आत जाता येत नाही, परंतु हवेतून जाता येते! रेषेबाहेरून उडी घ्यावी आणि पाय आतील जमिनीस लागण्यापूर्वी चेंडू हातातून सोडावा. उडी व उतरणे यांमधील त्या निमिषात सारी विद्या साठविलेली आहे.

नियम मोडणाऱ्यास शासन कडक आहे. आडदांडपणा करणारा गडी दोन मिनिटे बाहेर बसतो व तेवढा वेळ त्याच्या संघास एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. एकाच गड्यावर असा प्रसंग तिसऱ्यांदा आला, तर त्या सामन्यात त्याने पुन्हा खेळावयाचे नाही. एकाच्या अपराधाचा भार सर्वांनी वाहावयाचा, ही गोष्ट वर्गात शिकविण्यास कठीण. येथे ती दोन मिनिटांत कळते.

आता गोलरक्षकाविषयी. उत्तम खेळाडूच्या हातचा चेंडू ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाने येतो, आणि तो बहुधा सहा-सात मीटरांवरूनच सुटलेला असतो. विचार करण्यास वेळ नसतो. फेकणाराचा खांदा पाहून अंग आधीच हलवावे लागते. म्हणून या खेळात दर तीन फेकींपैकी एक अडविणारा गोलरक्षक चांगल्यांत गणला जातो. अर्थात जगातील नावाजलेले गोलरक्षकसुद्धा दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा हरतात व दर वेळी चेंडू जाळीतून काढून पुन्हा उभे राहतात. २७ गोल मोजणाऱ्या आमच्या मित्रांनी किती अडविले गेले हेही मोजले असते, तर बरे झाले असते.

जगज्जेतेपदाचा इतिहास

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत मैदानी हँडबॉल खेळला गेला व अंतिम सामन्यात जर्मनीने ऑस्ट्रियावर १० विरुद्ध ६ असा जय मिळविला. त्यानंतर १९३८ च्या फेब्रुवारीत पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची छपराखालील पहिली जागतिक स्पर्धा बर्लिन येथेच भरली. संघ आले अवघे चार. जर्मनी पहिला, ऑस्ट्रिया दुसरा, स्वीडन तिसरा, आणि जेथे या खेळाचे नियम प्रथम लिहिले गेले तो डेन्मार्क शेवटचा. पुढच्याच महिन्यात जर्मनीने ऑस्ट्रिया देश गिळंकृत केला. महिन्यापूर्वी ज्या संघाने पदक घेतले, त्याचे राष्ट्रच नकाशावरून पुसले गेले. राष्ट्रांचे सामने खेळाच्या घरात होवोत, रणांगणावर न होवोत, असे म्हणणाऱ्यांस त्या वर्षी कोणी विचारले नाही.

महायुद्ध संपल्यावर १९४६ साली आठ देशांचे प्रतिनिधी कोपनहेगन येथे जमले व त्यांनी आंतरराष्ट्रीय हँडबॉल संघटना स्थापन केली. दुसरी जागतिक स्पर्धा १९५४ साली स्वीडनमध्ये झाली, म्हणजे पहिलीनंतर तब्बल १६ वर्षांनी. तेथे यजमान स्वीडननेच विजय मिळविला. त्यानंतर रुमानियाचा काळ आला. १९६१, १९६४, १९७० व १९७४ असे चार वेळा त्या देशाने जगज्जेतेपद घेतले. १९७२ साली म्युनिक येथे छपराखालील हँडबॉलला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले व तेथे युगोस्लाव्हियाने सुवर्णपदक घेतले. पुढे सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, रशिया यांची नावे विजेत्यांच्या यादीत येतात. १९९५ पासून फ्रान्सचा उदय झाला आणि २०१७ पर्यंत त्याने सहा वेळा हे पद मिळविले.

स्पर्धेचा व्यापही वाढत गेला. चारांचे सहा संघ झाले, पुढे सोळा, १९९५ साली चोवीस आणि २०२१ साली बत्तीस. १९९७ साली जपानमधील कुमामोतो येथे ही स्पर्धा प्रथमच युरोपबाहेर झाली, आणि २०१५ साली कतारचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. युरोपबाहेरील संघास पदक मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. आपल्या देशापुरते बोलावयाचे, तर आशियाई क्रीडासामन्यांत हँडबॉलचा प्रवेश १९८२ साली नवी दिल्ली येथेच झाला. तथापि २०२५ पर्यंतच्या एकाही जागतिक स्पर्धेत भारताचा पुरुष संघ प्रवेश मिळवू शकलेला नाही.

डेन्मार्कची वाट

आता मूळ मुद्द्याकडे वळू. डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे ६० लाख. एकट्या मुंबईत याच्या दुपटीने माणसे राहतात. १९३८ साली शेवटचा आलेला हा देश १९६७ साली अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण चेकोस्लोव्हाकियाने त्यास १४ विरुद्ध ११ असे हरविले. १९७८ साली स्पर्धा डेन्मार्कमध्येच भरली. यजमान चौथे आले. त्यानंतर कित्येक वर्षे पदकाचे नाव नाही. २००७ साली तिसरा क्रमांक मिळाला. २०११ साली अंतिम सामना स्वीडनमधील माल्मो येथे, म्हणजे कोपनहेगनच्या समोर खाडीपलीकडे झाला. डेन्मार्कने फ्रान्सशी जादा वेळेपर्यंत झुंज दिली आणि ३७ विरुद्ध ३५ अशी हार पत्करिली.

दोन वर्षांनी, २०१३ साली, हा संघ पुन्हा अंतिम सामन्यात उभा राहिला. स्थळ बार्सिलोना, प्रतिस्पर्धी यजमान स्पेन. आता तरी जय मिळेल असे वाटत असता त्या दिवशी डेन्मार्कचा अगदी चुराडा झाला. स्पेनचे ३५ गोल, डेन्मार्कचे १९. सोळा गोलांचा पराभव, तोही साऱ्या जगाच्या देखत! त्या संघात दोन तरुण होते : गोलरक्षक निक्लास लांडिन आणि हल्ला चढविणारा मिकेल हान्सन. या दोघांनी त्या रात्री खेळ सोडून दिला असता, तर त्यांस कोणी नावे ठेविली नसती.

त्यांनी तो सोडिला नाही. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने फ्रान्सला २८ विरुद्ध २६ असे नमवून सुवर्णपदक घेतले. आता पुढील वाट सोपी, असे कोणास वाटले असेल. पण २०१७ च्या जागतिक स्पर्धेत बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात हंगेरीने त्यांस घरी पाठविले. सुवर्णपदकास सहा महिनेही झाले नव्हते. याच वर्षी निकोलाय याकोबसन हे संघाचे मार्गदर्शक झाले.

मग २०१९ साल उजाडले. स्पर्धा जर्मनी व डेन्मार्क या दोन देशांनी मिळून भरविली होती. अंतिम सामना डेन्मार्कमधील हेर्निंग गावी झाला व यजमानांनी नॉर्वेस ३१ विरुद्ध २२ असे हरविले. बार्सिलोनाच्या पराभवात असलेले लांडिन व हान्सन दोघेही या विजयात होते, आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू हान्सन ठरला. बर्लिनच्या त्या चार संघांच्या स्पर्धेस ८१ वर्षे लोटली होती. सव्विसाव्या स्पर्धेत हा खेळ अखेर आपल्या जन्मगावी जगज्जेता म्हणून परतला.

पुढची हकीगत याहून नवलाची आहे. २०२१ साली इजिप्तमध्ये, साथीच्या रोगामुळे प्रेक्षकांवाचून, डेन्मार्कने स्वीडनला २६ विरुद्ध २४ असे हरविले. त्याच स्पर्धेत यजमान इजिप्तबरोबरचा उपउपांत्य सामना दोनदा जादा वेळ देऊनही सुटेना. शेवटी तो सात मीटरांवरील फेकींवर निकालात निघाला, इतका तो अटीतटीचा झाला. २०२३ साली स्टॉकहोम येथे फ्रान्सवर ३४ विरुद्ध २९, आणि २०२५ साली ओस्लोनजीक क्रोएशियावर ३२ विरुद्ध २६. लागोपाठ चार वेळा पुरुषांचे जगज्जेतेपद मिळविणारा हा पहिलाच देश. २०१७ च्या त्या हंगेरीच्या सामन्यानंतर २०२५ अखेर जागतिक स्पर्धेत तो सलग ३७ सामने अपराजित राहिला. लांडिन व हान्सन हे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन राष्ट्रीय संघातून निवृत्त झाले होते. तरी २०२५ साली त्यांच्यावाचूनही घडी विस्कटली नाही. माथियास गिडसेल हा नव्या पिढीचा खेळाडू २०२३ व २०२५ या दोन्ही स्पर्धांत सर्वाधिक गोल करणारा ठरला.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या विजयांच्या मधल्या काळातही डेन्मार्क हरतच होता. २०२० च्या युरोपीय स्पर्धेत जगज्जेता असूनही तो प्राथमिक फेरीतच गळाला. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात आणि २०२४ साली युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने त्यास हरविले. विजेत्यांच्या यादीत अशा हारी दिसत नाहीत, म्हणून दुरून पाहणारास विजयांची अखंड माळ दिसते. जवळ जाऊन पाहिले, तर दर दोन मण्यांमध्ये गाठ आहे.

यावरून काय घ्यावे

आमचे चतुर विद्यार्थी येथे शंका घेतील. "धीर धरला की जय मिळतोच, असे आपले म्हणणे आहे काय?" तसे आम्ही म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. नॉर्वेने २०१७ व २०१९ अशा लागोपाठ दोन स्पर्धांत अंतिम सामना गमाविला आणि २०२५ पर्यंत त्यास पुरुषांचे जगज्जेतेपद एकदाही मिळालेले नाही. हंगेरी १९८६ साली अंतिम सामन्यात हरला व पुन्हा तेथवर पोहोचला नाही. या देशांच्या खेळाडूंनी कष्ट कमी केले असे कोण म्हणेल? कष्टाने पदक मिळेलच अशी हमी कोणी मास्तर देऊ लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग कष्टाने काय मिळते? आमच्या समजुतीप्रमाणे, पुढच्या सामन्यास उभे राहण्याची लायकी मिळते. २०१३ च्या १६ गोलांच्या हारीत डेन्मार्कला कोठे तोकडे पडलो हे कळले, आणि कळलेले दुरुस्त करण्यास सहा वर्षे लागली. गणिताच्या वहीवरील लाल रेघही हेच करिते. उत्तर चुकलेले पाहून जो मुलगा पान फाडतो, त्याची चूक त्याच्याजवळच राहते. जो तेच उदाहरण पुन्हा मांडतो, त्याची चूक वहीत राहते व तो पुढे जातो. तेव्हा आमच्या मित्रांनी गणित व खेळ यांना एकमेकांविरुद्ध उभे केले, ते आम्हांस पटत नाही. हरल्यावर परत कामास कसे लागावे हा धडा दोन्हींकडे एकच आहे, आणि तो ज्यास मैदानावर साधला, त्यास तो वहीपुढेही साधण्याचा संभव अधिक.

तरीही पालकांच्या काळजीत तथ्य आहे, हे आम्ही मान्य करितो. परीक्षेच्या दिवसांत रोज अंधार पडेपर्यंत मैदानावर राहणे हे काही शहाणपणाचे नव्हे. आणि मुलांस तितका वेळ अडवून ठेवण्यात आमचाही दोष होता. म्हणून या वर्षापासून सरावाचे दिवस आठवड्यातून तीन केले आहेत व सराव दिवेलागणीपूर्वी संपतो.

त्या गोलरक्षक मुलाविषयी वाचक विचारतील. त्याचे वडील पुन्हा एकदा शाळेत आले होते. लांडिनची व त्या १६ गोलांची हकीगत आम्ही त्यांस सांगितली. ते पुष्कळ वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मास्तरसाहेब, सहामाहीत गणितात पन्नासाच्या वर गुण आणले, तर खेळू देईन." मुलाने ५४ आणले. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी तो गोलासमोर उभा असतो. मागल्या महिन्यात शेजारच्या शाळेशी मैत्रीचा सामना झाला, तोही आम्ही हरलो. गोल गेले १९. वडील कुंपणापाशी उभे होते. त्यांच्या हातात कागद होता व त्यावर त्यांनी दोन रकाने आखले होते : एक गेलेल्या चेंडूंचा, एक अडविलेल्यांचा. दुसऱ्या रकान्यात ११ रेघा होत्या.